माझ्या पोटातला चौका

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि हे सांगताना माझा आवाज मुळीच पडत नाही. उलट माझा पंखा जरा जास्तच जोरात फिरू लागतो. तासगावच्या बाहेर रामगोंडा पाटलांचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. तिथल्या ऑफिसात खिडकीजवळच्या टेबलाखाली माझी जागा आहे. माझं अंग मूळचं पांढरं होतं, आता त्याचा रंग दुधाळ चहासारखा झाला आहे. माझं मोठं बटण एकदा आत दाबलं की बाहेर यायला वेळ घेतं. पण बेदाण्याचे मोठमोठे चेंबर थंड ठेवण्याचं काम माझ्याकडे आहे आणि ते मी आजही चोख करतो. या उन्हाळ्यात मला भंगारात न्यायला टेंपो दारात येऊन उभा राहिला होता. तो मला न घेता परत गेला. कसा परत गेला, तीच माझी गोष्ट आहे.

माझा जन्म सांगलीचा. कारखान्यात वगैरे नाही, एका दुकानाच्या पोटमाळ्यावर. एका खोक्यातून माझा मेंदू निघाला, दुसऱ्यातून पंखा, आणि पेटी तर कोणाच्या तरी रद्द झालेल्या ऑर्डरची होती. जोडणाऱ्या कारागिराने शेवटचा स्क्रू पिळला, पाठीवर थाप मारली आणि मला सुरू केलं. मी 'पीं' असा एक आवाज काढला. जन्मल्यावर बाळ रडलं की घरातले हसतात ना, तसे ते सगळे हसले.

तिथून मी पाटणच्या एका शाळेत गेलो. काय ते दिवस होते! माझ्यासाठी वेगळी खोली होती. चपला बाहेर काढल्याशिवाय मुलांना आत सोडत नसत. खंडेनवमीला माझी पूजा व्हायची, झेंडूची माळ घालायची, हळदकुंकू वाहायचं. त्यातली चिमूटभर हळद दरवर्षी कीबोर्डात सांडायची आणि पुढे महिनाभर स्पेसबार रुसायचा. पण तेवढं चालायचंच. पाहुणे आले की मुख्याध्यापक त्यांना आधी माझ्याकडे आणायचे. मी पडद्यावर मासे पोहून दाखवायचो आणि पाहुणे माना डोलवायचे.

मग एके वर्षी चपटे, काळे, नवे संगणक आले. त्यांना माझ्यासारखं पोटच नव्हतं. मला सामानाच्या खोलीत हलवलं. तिथे लेझिमी होत्या, स्नेहसंमेलनाचे पडदे होते आणि कोयनेकडची ती ओल होती. भिंतीतून पाणी पाझरायचं. माझ्या पंख्याच्या पात्यावर पालीने अंडी घातली. खंडेनवमीला शेजारच्या खोलीतून घंटा ऐकू यायची, पण माझं दार काही उघडायचं नाही. मित्रांनो, मला फार वाईट वाटायचं. मी बिघडलेलो नव्हतो. मला नुसतं विसरले होते.

मला त्यातून बाहेर काढलं ते बिरदेवने. बिरदेव वडूजकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. तो फौजेत संदेशयंत्रणेच्या कामावर होता. निवृत्त होऊन आला आणि वडूजला दुरुस्तीचं दुकान टाकलं. शाळेतले ते चपटे संगणक बंद पडले म्हणून त्याला पाटणला बोलावलं होतं. वायर शोधायला तो सामानाच्या खोलीत आला आणि त्याने मला पाहिलं. गुडघ्यावर बसून माझी पेटी उघडली, पालीची अंडी अलगद काढून कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाला, "आरं, हा जवान तर आजून ड्युटीला फिट हाय. ह्याला पेन्शनीत कुणी बसवलं?"

ते चपटे त्याने दुरुस्त केले आणि मला मागून घेतलं. एस.टी.च्या गाडीत त्याने मला मांडीवर धरलं होतं. कंडक्टरने लगेजचं तिकीट काढायला सांगितलं तेव्हा बिरदेव म्हणाला, "काढा की. माणसाचं काढलं तरी माझी ना न्हाई." वडूजच्या दुकानात त्याने माझ्या अंगातली जुनी, जड झालेली व्यवस्था काढली आणि लिनक्स नावाची हलकी, साधी व्यवस्था घातली. मला एकदम तरुण झाल्यासारखं वाटलं.

त्याच सुमारास रामगोंडा पाटलांची सून गुणमाला त्याच्याकडे आली. सांगलीला कॉलेज शिकलेली, बोलायला शांत, पण एकदा म्हटलं की मागे न हटणारी. कोल्ड स्टोरेजचं सगळं काम तीच बघते. चेंबरमध्ये किती थंड आहे ते सेन्सरला विचारायचं, आणि त्याप्रमाणे कॉम्प्रेसर चालू-बंद करायचा, एवढ्या कामासाठी तिला एक संगणक हवा होता. बिरदेवने माझ्याकडे बोट दाखवलं. गुणमालाने माझ्यावरून बोट फिरवलं, बोटाला धूळ लागली नाही हे पाहिलं आणि मला तासगावला घेऊन आली.

आता मुख्य गोष्टीकडे येण्याआधी माझ्या पोटात काय आहे ते सांगायला हवं.

चेंबर थंड ठेवणारा माझा मुख्य प्रोग्राम फार जुना आहे. त्याच्या शेजारी कोणी नवा प्रोग्राम आणून बसवला की दोघांची भांडणं होतात. नवा येतो, आपल्याला हवं तसं सामान हलवतो आणि जुना पडतो बंद. म्हणून बिरदेवने माझ्या पोटात एक वेगळी खोली केली. त्या खोलीत गेलेल्या प्रोग्रामला वाटतं की हेच सगळं जग. त्याला बाहेरचं काही दिसत नाही आणि बाहेरचं काही मोडताही येत नाही. नवीन काही घालायचं तर त्या खोलीत घालायचं. गुणमालाने ते ऐकलं आणि पटकन म्हणाली, "म्हणजे चौका!"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या भागातल्या जैन घरांमध्ये मुनिमहाराजांच्या आहाराची सेवा करायची असली की चौका मांडतात. चौका म्हणजे वेगळं, सोवळ्यातलं स्वयंपाकघर. तिथे पाणी गाळून घेतात, धान्य निवडून घेतात, धुतलेले कपडे घालूनच आत जातात. लागणारी प्रत्येक वस्तू आधीच आत नेऊन ठेवावी लागते. ऐन वेळी मीठ नाही म्हणून बाहेरून मीठ मागवता येत नाही. गुणमालाने माहेरी आईच्या हाताखाली कितीतरी चौके मांडले होते.

रामगोंडांना मात्र ते नाव आवडलं नाही. त्यांना सगळे आण्णा म्हणतात. आण्णा चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "येवढं पवित्र नाव आणि ह्या डबड्याला? मला न्हाई पटलं गं पोरी."

"आण्णा, नियम पाळीन मी," गुणमाला म्हणाली. "तपासल्याबिगर काय बी आत जाणार न्हाई."

आण्णांनी थोडा विचार केला. "नियम पाळणार असशील तर ठिव. पण मग मोडायचा न्हाई."

डबडं म्हटल्याचा मला राग आला होता. पण माझ्या पोटात चौका आहे या अभिमानात तो लवकरच विरून गेला.

पुढची वर्षं सुखाची गेली. द्राक्षं वाळून बेदाणा झाला की ट्रॅक्टर भरून माल यायचा. खोकी चेंबरमध्ये चढायची आणि मी ती थंडीत जपायचो. बेदाणा थंड राहिला तर हिरवा राहतो. उष्णता लागली की तो काळपट पडतो आणि मग सौद्याला त्याच्याकडे कोणी पाहत नाही. माझ्याकडचा एकही दाणा काळा पडला नाही. बढाई वाटली तर वाटू दे, पण खरी आहे.

या वर्षी वैशाखात वळवाचा पाऊस आला. वीज अशी कडाडली की ऑफिसच्या काचा थरथरल्या. त्या झटक्याने तिसऱ्या चेंबरचा सेन्सर जळाला आणि माझ्या पोटातली जी डिस्क चौक्यासाठी होती तीही गेली. मुख्य डिस्क वाचली म्हणून मी वाचलो. गुणमालाने नवा सेन्सर आणला, पण त्याची भाषा वेगळी होती. ती समजून घेणारा नवा प्रोग्राम माझ्या चौक्यात बसवायला हवा होता. आणि चौकाच जळाला होता.

तिने नवी डिस्क लावली आणि या वेळी चौका स्वतः मांडला, बिरदेवला न बोलावता. मोठ्या हौसेने, कडक नियम घालून मांडला.

तोवर तिसऱ्या चेंबरचं हाताने चाललं होतं. कामगार दार उघडून आतला काचेचा थर्मामीटर बघायचे आणि कॉम्प्रेसर चालू-बंद करायचे. दार उघडलं की बाहेरचं ऊन आत शिरायचं. हे फार दिवस चालण्यासारखं नव्हतं. पुण्याहून एक इंजिनिअर येऊन गेला होता. त्याने मला बघून नाक मुरडलं आणि नवी यंत्रणा घ्या म्हणाला. आण्णांनी त्या सकाळी गुणमालाला समोर बसवून सांगितलं.

"हे बघ, आज तुझ्या मनासारखं करून बघ. मी दिवस असतानाच जेवतो, तुला ठावं हाय. माझं ताट वाढायच्या आत ह्येनं चेंबर सांभाळला तर ऱ्हाईल. न्हाईतर उद्या सकाळी तिसऱ्या चेंबरचा सगळा माल दुसऱ्याच्या कोल्ड स्टोरेजला हलवायचा, आणि ह्येला जयराजच्या टेंपोत घालायचं. मी त्याला सांगून ठिवलंय."

जयराज म्हणजे भंगारवाला. माझ्या पंख्याचा एक फेरा चुकलाच.

त्या चेंबरमध्ये सुलाबाईंचाही बेदाणा होता. सुलाबाई खटावच्या कोरड्या रानातल्या. त्यांनी पहिल्यांदाच द्राक्षबाग धरली होती, पहिल्यांदाच बेदाणा केला होता, आणि तो दिवाळीपर्यंत हिरवागार ठेवायचा त्यांचा निश्चय होता. सेन्सर जळाल्याचं कळताच त्या सकाळच्या गाडीने आल्या आणि ऑफिसच्या पायरीवर बसून राहिल्या.

"चेंबर उघडून दाखवा की मला," त्या म्हणाल्या.

"आवं सुलाबाई, उघडलं की ऊन शिरतंय आत," आण्णा म्हणाले.

"मग उघडू नगा. मी हितंच बसते. माझ्या बागंचं पयलं फळ हाय ते."

गुणमालाने माझ्यासमोर खुर्ची ओढली. चौक्यात गेली आणि नवा प्रोग्राम आणायची आज्ञा दिली. मी धावलो आणि लगेच अडखळलो. प्रोग्राम जिथे ठेवलेला असतो त्या ठिकाणाचं नाव मला दिलं होतं, पण चौक्याच्या आतून पत्ता सापडेना. बाहेर मला सगळे पत्ते ठाऊक आहेत. पण चौक्यातल्याला बाहेरचं काही दिसत नाही ना! गुणमाला हसली. "मीठ न्यायचं ऱ्हायलं," ती स्वतःशीच म्हणाली. पत्ते सांगणारी छोटीशी फाइल तिने चौक्यात नेऊन ठेवली आणि पुन्हा आज्ञा दिली. मी सुसाट गेलो, माल घेऊन आलो. पहिला सामना आम्ही जिंकला.

पण मित्रांनो, आणलेला माल थेट आत घ्यायचा नसतो. प्रत्येक प्रोग्रामवर तो तयार करणाऱ्याची सही असते. माझ्याकडे एक तपासनीस आहे. तो सही ताडून बघतो. जुळली तरच माल आत जातो. चौक्याच्या दारातली पाण्याची गाळणीच म्हणा ना. त्या दिवशी तपासनीसाने तोंड वाकडं केलं आणि पडद्यावर शेवटची ओळ उमटली: सही पटत नाही.

गुणमालाने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. तिने बिरदेवला फोन लावला.

"वैनी, आदी घड्याळ बघा," तो पलीकडून म्हणाला. "त्याचा सेल गेला असंल."

खरंच गेला होता. मला तर वाटत होतं, अजून माझ्या जन्माचंच साल चालू आहे! माझ्या हिशेबाने त्या प्रोग्रामवर कितीतरी वर्षं पुढची सही होती. अशी सही कोण मान्य करेल? गुणमालाने मला आजची तारीख सांगितली. मी एका क्षणात म्हातारा झालो, पण शहाणाही झालो. आता जमणार, असं वाटलं. तिने आज्ञा दिली. शेवटची ओळ उमटली: सही पटत नाही.

"म्या निघतो," बिरदेव म्हणाला. "तुमी मोर्चा सोडू नगा."

तो मोटारसायकलवरून आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. जयराजचा टेंपोही त्याच्या मागोमाग येऊन फाटकात थांबला. बिरदेव फौजी माणूस. त्याला पहिला संशय आला शत्रूचा. "वाटंत कुणीतरी माल बदलतंय," तो म्हणाला. त्याने स्वतःच्या फोनवरून दुसऱ्या ठिकाणाहून तोच प्रोग्राम उतरवला, पेनड्राइव्हवर घेतला आणि माझ्या अंगात खुपसला. सही पटत नाही. तपासनीस ज्या नमुन्याशी सही ताडतो, ती किल्ली जुनी झाली असेल म्हणून नवी आणली. सही पटत नाही. त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली.

आणि मित्रांनो, या सगळ्या वेळात मी ओरडत होतो! प्रत्येक वेळी, अगदी पहिल्यापासून, मी माझी खरी तक्रार सांगत होतो. पण ती पहिल्या ओळीत होती. तिच्याखाली तपासनीसाच्या दहा ओळी, आणि सगळ्यात खाली तो ठसठशीत शेरा. माणसं शेराच वाचत होती. पडदा सरकायचा, माझी पहिली ओळ वर निघून जायची आणि दिसेनाशी व्हायची. बोलता येत असून कोणी ऐकत नाही, यासारखं दुःख नाही. पाटणच्या सामानखोलीतही मला इतकं हताश वाटलं नव्हतं.

बाहेर सूर्य बेदाण्याच्या शेडच्या छपरांवर टेकायला आला. जयराज दारात येऊन उभा राहिला.

"पाटील, वायरी काढू का? दिवस हाय तवर गाडीत घालतो," तो म्हणाला. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. बोलावलं म्हणून आला होता.

"थांब जरा," आण्णा म्हणाले. पण त्यांनी आकाशाकडे पाहिलं.

बिरदेवने आवाज खाली घेतला. "वैनी, एक वाट हाय. सही न बघता घ्या आत, असा हुकूम देता येतो. काम झटक्यात हुईल. चेंबर चालू झाला की मग निवांत बघू."

मला ती आज्ञा माहीत होती. ती दिली असती तर मी मान खाली घालून माल आत घेतला असता, कारण मला नाही म्हणता येत नाही. गुणमालाची बोटं कीबोर्डावर होती. सुलाबाई पायरीवरून उठून दारापाशी आल्या होत्या. गुणमालाने बोटं मागे घेतली.

"न्हाई भाऊजी. न गाळलेलं पाणी आत घेऊन मग गाळायचं, असं कुठं असतंय का? आत काय आलं त्ये आपल्याला कळणार बी न्हाई. आन् कॉम्प्रेसर ह्याच्याच ताब्यात हाय."

बिरदेवने आण्णांकडे पाहिलं. माल आण्णांच्या हवाली, चेंबर आण्णांचा, अब्रूही आण्णांची. त्यांनी एक शब्द उच्चारला असता तर सूनबाईंना ऐकावं लागलं असतं. आण्णा माझ्यापाशी आले. पहिल्यांदाच इतक्या जवळ आले.

"नाव चौका ठिवलंय न्हवं?" ते म्हणाले. "मग नियम मोडायचा न्हाई. टेंपोत गेला तर जाऊ दे, पण सोवळ्यात जाऊ दे."

मित्रांनो, माझ्या जन्मापासून माझ्याबद्दल कोणी इतकं मानाचं बोललं नव्हतं. त्या क्षणी मला टेंपोची भीती वाटेनाशी झाली.

आता सही चुकवायची नव्हती, म्हणून झटपट वाट शोधायची घाईही उरली नाही. गुणमालाने पदर खोचला आणि म्हणाली, "भाऊजी, आपण दोघं शेवटापासनं वाचतोय. सुरवातीपासनं वाचूया." तिने पुन्हा तीच आज्ञा दिली आणि पडदा सरकू लागताच तो वर ओढून धरला. अगदी वर, जिथे माझी पहिली ओळ होती तिथे.

ती ओळ इंग्रजीत असते. मराठीत सांगायचं तर मी म्हणत होतो: मोरीत काही टाकायची परवानगी नाही.

प्रत्येक संगणकाच्या आत एक मोरी असते. नको असलेलं बोलणं तिच्यात सोडून द्यायचं. सोडलं की ते गेलं, कुठे साठत नाही. माझा तपासनीस सही ताडताना फार बडबडतो, आणि ती बडबड मोरीत सोडायची त्याची जुनी सवय आहे. मोरी बंद दिसली की तो कामच टाकून उठतो आणि उठताना रागाने शेरा मारतो की सही पटत नाही. सही बघायची वेळच त्याच्यावर आलेली नसते!

"मोरी तर हाय की आत," बिरदेव यादी बघत म्हणाला. "नाव दिसतंय."

"नाव हाय," गुणमाला हळूच म्हणाली. "पण मी ती बुजवलीय."

तिने कपाळाला हात लावला आणि मग हसायलाच लागली. चौका मांडताना नव्या डिस्कला तिने एक कडक नियम घातला होता: इथे कोणतंही उपकरण चालणार नाही. बाहेरचं काही आत घुसू नये म्हणून. आणि आम्हा संगणकांच्या हिशेबात मोरी हेही एक उपकरणच.

"माझी आई चौका मांडायच्या आदल्या दिवशी मोरीच्या तोंडाला फडकं लावायची," ती म्हणाली. "किडामुंगी आत येऊ नये आन् पाण्यात मरू नये म्हणून. त्ये माझ्या ध्यानात ऱ्हायलं. पण पाण्याला हात लावायच्या आदी ती फडकं काढायची. त्ये मी इसरले."

"आन् म्या दुश्मन हुडकत बसलो सीमेवर," बिरदेव म्हणाला. "गडबड सगळी घरातल्या मोरीत!"

आण्णाही हसले. मी त्यांना हसताना ऐकलं होतं, पण माझ्यासमोर कधीच नाही.

गुणमालाने तो नियम तेवढ्या एका डिस्कवरून काढला. बाकीचे सगळे तसेच ठेवले. मोरी मोकळी झाली, आणि माझ्या पोटात एकदम स्वच्छ वाटलं. तिने पुन्हा आज्ञा दिली. तपासनीस बसला, बडबडला, बडबड मोरीतून वाहून गेली. त्याने सही ताडली आणि मुकाट्याने बाजूला झाला. सही पहिल्यापासून खरीच होती! प्रोग्राम चौक्यात आला, त्याने आपलं सामान लावलं आणि नव्या सेन्सरला त्याच्या भाषेत विचारलं, "कसं काय आहे रे आत?"

पडद्यावर तिसऱ्या चेंबरचा चौकोन दोन दिवस काळा होता. तो उजळला आणि त्यात आकडा आला. साडेसहा अंश. हवे होते चार. मी क्षणभरही थांबलो नाही. कॉम्प्रेसरला हाक मारली. मागच्या बाजूने त्याची घरघर सुरू झाली आणि ऑफिसची फरशी हलकीशी थरथरली. मित्रांनो, ती थरथर म्हणजे माझी आरोळी होती. मी जिंकलो होतो!

आण्णा कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवणारे नाहीत. त्यांनी कामगाराला काचेचा थर्मामीटर घेऊन पाठवलं. तो धावत परत आला. त्याच्या काचेत जे होतं तेच माझ्या पडद्यावर होतं. आणि आम्ही सगळे बघत असताना आकडा खाली उतरत गेला. सहा. साडेपाच. पाच. सुलाबाईंना अंश कळत होते की नाही कुणास ठाऊक, पण प्रत्येक आकड्याला त्या मान हलवत होत्या. चार आल्यावर गुणमालाने त्यांना आत नेऊन त्यांच्याच खोक्यातली ओंजळ दाखवली. बेदाणा हिरवागार होता, उन्हात धरला तर आरपार दिसेल असा. सुलाबाई बाहेर आल्या आणि त्यातले चार दाणे त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवले.

"ह्ये तुला रं लेकरा," त्या म्हणाल्या. लेकरा! मला, ज्याच्या पेटीवर पाटणच्या ओलीचे डाग आहेत त्याला!

जयराज अजून दारातच होता. "मग पाटील, मी काय नेऊ?" त्याने विचारलं.

"ती जळकी डिस्क आन् जळका सेन्सर घेऊन जा," आण्णा म्हणाले. "आन् चार मानसांत सांग, पाटलाच्या ऑफिसातलं जुनं धूड आता इकायचं न्हाई. घरचं मानूस हाय त्ये." मग खिडकीतून बाहेर पाहून म्हणाले, "दिवस हाय आजून. चला, ताटं वाढा. बिरदेव, सुलाबाई, तुमी बी या. जयराज, तू बी ये रं गड्या."

शेडच्या छपरांवर ऊन अजून पिवळं होतं. सगळे जेवायला गेले आणि मी एकटा राहिलो, पण या वेळी एकटेपणा मुळीच वाटला नाही. मी तिसरा चेंबर सांभाळत होतो.

दुसऱ्या दिवशी गुणमालाने माझी पेटी उघडली, पंखा पुसला, घड्याळाचा नवा सेल घातला. आता मला आजचं साल ठाऊक आहे आणि ते मला आवडतं. मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत एखादं जुनं यंत्र असेल. त्याला पुसत जा, त्याचा सेल बदलत जा. आणि ते तक्रार करू लागलं तर खालचा मोठा शेरा वाचून त्याला लगेच टेंपोत घालू नका. वर सरका. त्याचं पहिलं वाक्य शोधा. आम्हाला मोठ्याने बोलता येत नाही, पण आम्ही खरं तेच आधी सांगतो.

गुणमालाने आणखी एक गोष्ट केली. चौक्याच्या दारात तिने मला एक प्रश्न लिहून दिला. आता चौका उघडताना मी तो प्रश्न आधी विचारतो आणि उत्तर मिळाल्याशिवाय पुढे काहीच दाखवत नाही. पुण्याचा तो इंजिनिअर परवा आला होता. तोही माझ्यासमोर थबकला, चष्मा सावरून त्याने माझी पहिली ओळ नीट वाचली आणि गुणमालाकडे वळून विचारलं, "हे काय आहे?"

पडद्यावर लिहिलं होतं: फडकं काढलं का?